वहिनींच्या मेणबत्तीचा पडता

इचलकरंजीत माणसाला व्यसन असू शकतं, कर्ज असू शकतं, दोन-दोन पतसंस्थांचं संचालकपद असू शकतं. छंद मात्र सहसा नसतो. गावाला रसिकता नाही असं कुणी म्हणणार नाही. ज्या गावाचं नाव बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरच्या गायकीबरोबर सगळीकडे नेलं, त्याला कलेचं वावडं कसं असेल? अडचण दुसरीच आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून गावाला प्रत्येक गोष्टीबद्दल एकच प्रश्न विचारायची सवय लागली: पडता काय? सुताचा भाव, सायझिंग, मजुरी, वीज एका बाजूला आणि मीटरला मिळणारा दर दुसऱ्या बाजूला मांडून जे काही हातात उरतं किंवा हातातून जातं, तो पडता. इथं मुलाचं इंजिनिअरिंग, मुलीचं लग्न, गणपतीची वर्गणी आणि कुलदैवताची यात्रा या सगळ्यांचा पडता काढून झालेला असतो. अशा गावात गेल्या काही वर्षांत एक नवी व्यक्ती अवतरली आहे. ती दुपारी दोन ते पाच स्वयंपाकघरात काचेच्या बरण्यांमध्ये सुगंधी मेण ओतते आणि पडता विचारला की नुसती हसते. तिला आपण मेणबत्तीवाल्या वहिनी म्हणू. काही घरांत हे काम दादाही करतात, पण ते दार लावून.

वहिनींचं वय पंचेचाळीसच्या पुढचं, मुलगा पुण्यात, मालकांचा मागाचा कारखाना घराला लागूनच. त्या मेणबत्त्यांकडे वळल्या की गाव दोनपैकी एक निकाल देतं. एक म्हणजे वहिनींना वेळ जात नाही. दुसरा, वहिनींना मोबाइलचा नाद लागला. माझं म्हणणं असं की दोन्ही निकाल चुकीचे आहेत. वहिनी गावाच्या स्वभावाविरुद्ध वागत नाहीत. गावात शंभर वर्षं मुरलेलीच कारागिरी त्या करतायत, फक्त व्यापाऱ्याला मधून काढून. पुरावा त्यांच्या ओट्यावरच मांडलेला आहे. तिथं ग्रॅमचा वजनकाटा आहे, थर्मामीटर आहे, चोचीचं स्टीलचं पातेलं आहे आणि डागाळलेली एक वही आहे. पातेलं थेट गॅसवर ठेवत नाहीत. उकळत्या पाण्याच्या भांड्यात ते बसवतात, नाहीतर मेण पेटतं, आणि पेटलेल्या मेणावर पाणी ओतणाऱ्याची भुवई नंतर शोधावी लागते. सोया मेणाच्या चकत्या वितळून साधारण ऐंशी अंशांवर आल्या की त्यात सुगंधी तेल. दोनशे ग्रॅम मेणाला आठ टक्के, म्हणजे सोळा ग्रॅम. दोन मिनिटं सावकाश ढवळायचं, पंचावन्न-साठ अंशांपर्यंत निवू द्यायचं, मग ओतायचं. तेल कमी पडलं तर वास येत नाही, जास्त झालं तर वर सुटून येतं आणि वात गुदमरते. वहिनी वहीत लिहितात: ‘मोगरा, ८ टक्के, ५८ अंश, वात मध्यम, कडेला मेण राहिलं.’

आता दोन गल्ल्या सोडून जे सायझिंग आहे तिथं काय चालतं पाहा. कांजी शिजवायची, तिचा दाटपणा बघायचा, ठरावीक उष्णतेवर ती धरून ठेवायची आणि ताण्याच्या सुतावर वजनाच्या किती टक्के चढली ते मोजायचं. कमी चढली तर मागावर तार तुटते. जास्त चढली तर सूत कडक होतं आणि तरीही तुटतं. त्या कांजीत सूत मऊ राहावं म्हणून चरबी किंवा मेण घालायची पद्धत जुनी आहे. म्हणजे मेण या गावाला नवं नाही, टक्केवारी नवी नाही, अंश नवे नाहीत आणि सगळं बरोबर करूनही माल बिघडण्याचा अनुभव तर मुळीच नवा नाही. नवं एवढंच आहे की वहिनींचा माल बिघडला तर दलालाचा फोन येत नाही.

वातीचं प्रकरण मात्र थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. मेणबत्तीची वात सुताची असते आणि सुताच्या या गावात वहिनींची वात कुरिअरने बाहेरून येते. त्या छोट्या पुडीवरचा दर मालक मनातल्या मनात किलोवर नेतात आणि त्यांना घेरी येते. ‘आपल्याकडं कोनाच्या कोन पडलेत की,’ असं म्हणत ते कारखान्यातून सूत आणतात, चार पदरी पीळ देतात आणि वहिनींच्या हातात ठेवतात. ती वात पेटते, काजळी धरते, डोक्यावर कोळशाचा गड्डा जमवते आणि छताला काळं करते. मालकांचं सूत वाईट नसतं. पिळाची वात आणि वेणीची वात या वेगळ्या गोष्टी आहेत. कांबासेरेस नावाच्या फ्रेंच माणसानं १८२० च्या दशकात वेणी घातलेली वात आणली, तिचं मर्म असं की जळता जळता तिचं टोक एका बाजूला वळतं, ज्योतीच्या कडेला हवेत जातं आणि तिथं पुरतं जळून जातं. तोवर मेणबत्तीजवळ कात्री घेऊन बसावं लागे. शिवाय तयार वातीवर क्षारांची प्रक्रिया असते. हे वहिनींना माहीत असतं आणि तीन पिढ्या सुतात काढलेल्या मालकांना नसतं. घरात त्या संध्याकाळी जी शांतता पसरते तिच्यात वहिनींच्या छंदाचं निम्मं समाधान आहे, असा माझा कयास आहे.

पहिला आक्षेप ठरलेला: हे परदेशी फॅड आहे. अर्धा आक्षेप मान्य करायला हरकत नाही. सोया मेण अमेरिकेत १९९० च्या दशकात पुढं आलं, आणि काचेच्या बरणीत मेणबत्ती ठेवून तिच्यासमोर नुसतं बसायचं ही रीतही आपली नव्हे. पण मेण म्हणाल तर ते सोयाबीनच्या तेलात हायड्रोजन घालून घट्ट केलेलं असतं. १९३७ पासून ज्या डालड्यात आपल्या करंज्या तळल्या गेल्या, त्याचा हा सख्खा चुलतभाऊ. आणि सोयाबीन हातकणंगले-शिरोळच्या शेतात दर पावसाळ्यात उभं असतं. परदेशी काही असेल तर ते वास. ज्यांनी लव्हेंडरचं झाड जन्मात पाहिलेलं नाही अशा चार मैत्रिणी बरणी हुंगून ‘अगदी खरं लव्हेंडर’ असं एकमुखानं सांगतात, तेव्हा मात्र मला गावाची काळजी वाटते. पंचगंगेच्या काठी गुऱ्हाळ पेटल्यावर काहिलीतून जो वास उठतो, त्याची मेणबत्ती अजून कुणी का केली नाही? निशिगंधाची केली, केवड्याची केली. काकवीची कुणी करत नाही. व्हॅनिला मात्र प्रत्येकीकडे आहे.

दुसरा आक्षेप मालकांचा, आणि तो आकड्यांत असल्यामुळे वजनदार आहे. दोनशे मिलीच्या ग्लासात दोनशे ग्रॅम मेण बसत नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशी पकडलं. मेण पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ग्लास पावणेदोनशेच्या आसपासच भरतो आणि उरलेलं मेण पातेल्यात थिजतं. मग काच, वात, वातीखालची पत्र्याची चकती, तेल, झाकण, चिठ्ठी आणि गॅस. यावर कडी म्हणजे ओतलेली मेणबत्ती लगेच पेटवायची नाही; सुगंध मेणात मुरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. ‘म्हणजे माल पडून,’ मालक म्हणतात. ज्यांचे पैसे आधीच व्यापाऱ्याकडे अडकलेले आहेत, त्यांना घरातही अडकलेला माल बघवत नाही. वहिनींकडे उत्तर नसतं असं नाही. मुरणं म्हणजे लोणच्याचं काम, आणि लोणच्याचा पडता मालकांनी आजवर कधी काढलेला नाही. तरी त्यांचा खरा जळफळाट होतो तो पांढऱ्या चट्ट्यांवरून. सोया मेण थिजताना त्याचे स्फटिक बनतात आणि काचेआड पांढुरके डाग उमटतात. वहिनी चिठ्ठीवर लिहितात, ‘हे डाग नैसर्गिक असून शुद्ध मेणाची खूण आहेत.’ मालक ती चिठ्ठी पुन्हापुन्हा वाचतात. आयुष्यभर एका तुटलेल्या तारेवरून ज्यांचे तागे परत आले, त्यांना अशी चिठ्ठी लावायची सोय कधी मिळाली नाही.

तिसरा आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही: ही खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची चैन आहे. आहेच. भिंतीपलीकडे कांड्या भरणाऱ्या बाईला दुपारी दोन ते पाच मोकळे नसतात, आणि मीटरवर मजुरी घेणारा माणूस वासासाठी सोळा ग्रॅम तेल मोजत बसत नाही. मेण हे पोट भरायचं साधनही आहे, त्याचा दाखला महाबळेश्वरात आहे. दृष्टी गेलेल्या भावेश भाटियांनी मुंबईच्या अंधांच्या राष्ट्रीय संस्थेत मेणबत्त्या करायचं शिक्षण घेतलं, महाबळेश्वरच्या बाजारात हातगाडी लावली आणि पुढं सनराइज कँडल्स उभी केली. तिथं शेकडो दृष्टिहीन माणसांनी हे काम शिकून आपलं घर चालवलं. त्या कष्टाशी वहिनींच्या दुपारची बरोबरी करायची नाही. पण म्हणून वहिनींची दुपार फुकट ठरत नाही. ज्या गावात आळशी माणूससुद्धा धंद्यात तोटा आल्याचं कारण सांगून आळस करतो, तिथं एखादी बाई उघडपणे म्हणते की मी हे मला आवडतं म्हणून करते, ही लहान गोष्ट नाही. आणि चैनच म्हणायची तर हुपरीच्या चांदीच्या वाट्या कपाटात कुलूपबंद ठेवणं ही कितीतरी महाग चैन आहे. तिला मात्र गुंतवणूक म्हणतात.

सासूबाईंचा आक्षेप धार्मिक असतो. देवापुढं हे चालतं का? चालत नाही, तिथं तुपाचं निरांजनच हवं, यावर वहिनींचंही दुमत नाही. मात्र पहिली मेणबत्ती वहिनींनी फुंकर मारून विझवली तेव्हा सासूबाई कडाडल्या: दिवा फुंकू नये! आणि गंमत अशी की मेणबत्तीची कुठलीही माहितीपत्रिका उघडा, तीही हेच सांगते. फुंकर मारली की वितळलेलं मेण उडतं, धूर होतो आणि सुगंधावर करपट वास चढतो. झाकण ठेवून ज्योत शमवावी. घरात शास्त्र आणि सासू यांचं एकमत झाल्याचा असा प्रसंग विरळाच.

राहिली परीक्षा, म्हणजे पेटवून बघणं. बरणी पहिल्यांदा पेटवली की मेण कडेपर्यंत वितळेस्तोवर विझवायची नाही, नाहीतर मधोमध विहीर पडते आणि पुढच्या प्रत्येक वेळी ती खोलच जाते. सात सेंटिमीटरच्या बरणीला याला तीनेक तास लागतात. त्या काळात ज्योतीला वारा लागता कामा नये. म्हणजे एप्रिलच्या इचलकरंजीत, बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असताना, पंखा बंद. मालक, सासूबाई आणि सुट्टीला आलेला मुलगा घामाने निथळत एका बरणीभोवती बसलेले असतात आणि वहिनी पट्टी घेऊन ज्योतीची उंची मोजत असतात. शेजारच्या कारखान्याच्या खटखटीनं ओटा थरथरतो, वितळलेल्या मेणावर बारीक लाटा उठतात. पूर्वी भारनियमनात असं बसावं लागायचं, पण तेव्हा निदान शिव्या द्यायला वीज मंडळ होतं. आता दिवे असताना घालवून, पंखा असताना बंद करून माणसं बसतात आणि कुणी उठून जात नाही. याचं मला वाटतं ते कारण असं: मागावर कापड उतरलं की ते पुढं कुणाच्या अंगावर गेलं, त्याचं काय झालं, हे इथल्या कुणालाच कळत नाही. तागा व्यापाऱ्याकडे गेला की संपलं. इथं मात्र केलेला माल डोळ्यांदेखत जळतो, बरोबर जळतो की नाही ते दिसतं, आणि ते बघून मालक शेवटी न राहवून म्हणतात, ‘वात एक नंबर जाड घे.’ तीन पिढ्यांचा अनुभव तिथं कामाला येतो. वहिनी वहीत टिपून घेतात, नाव न लिहिता.

हा छंद पुढं धंदा होईल, असं भाकीत करणारे बरेच आहेत. काही घरांत होईलही. या पाण्यात तो गुण आहे. बहुतेक बरण्या मात्र संक्रांतीच्या वाणात आणि वास्तुशांतीच्या आहेरात संपतात, आणि घेणाऱ्यांच्या शोकेसमध्ये कपबशांच्या सेटशेजारी न पेटता वर्षानुवर्षं उभ्या राहतात. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच: तुमच्या घरी अशी बरणी आली असेल तर ती पेटवा. आधी वात पाव इंचावर कापा, पंखा बंद करा, तीन तास कळ काढा. मेण संपलं की बरणी गरम पाण्यानं धुऊन वहिनींना परत करा, त्यांना ती लागते. आणि आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, तेव्हा त्यात मूठभर शेंगदाणे तरी घाला.