सुप्रमा मिळालेला स्वेटर

दिवाळी सरली की घाटावर पहाटेची थंडी पडते आणि आमच्या बुलढाण्यातल्या भिशीच्या बाया माळ्यावरच्या पिशव्या खाली काढतात. प्रत्येक पिशवीत एकेक काम अर्ध्यावर. कुठे पाठ तयार आहे पण पुढची बाजू नाही. कुठे दोन्ही बाह्या झाल्या आहेत आणि त्या ज्याला लावायच्या तो स्वेटर अजून विचाराधीन आहे. जिल्ह्यात तालुके 13. एखाद्या बाईकडे सुयांवर चढलेली कामं त्याहून फारच कमी निघाली, तर आम्ही तिच्याकडे जरा संशयानं बघतो. घेतलेलं काम वेळेत पुरं करते म्हणजे हिच्या घरी पाहुणेरावळे येत नसावेत.

बाहेरचे लोक याला धरसोड म्हणतात. आम्ही समतोल विकास म्हणतो. एकच काम हाती धरून बसलं तर बाकीच्या कामांवर अन्याय होतो, हे आम्हाला वर्तमानपत्र वाचून कळलेलं आहे.

शिवाय प्रत्येक कामाची वेळ वेगळी. साधी वीण भिशीसाठी: सगळे टाके सुलट, बोटं आपोआप चालतात आणि तोंड मोकळं राहतं. जाळीची नक्षी दुपारी, घरात कोणी नसताना. त्यात दोन टाके एकत्र घ्यायचे, एकदा दोरा पुढे आणायचा, असं मोजत राहावं लागतं. मध्येच कुरिअरवाल्यानं बेल वाजवली की ओळ गेली. मफलर एसटीसाठी. मात्र मलकापूरकडे निघालात तर राजूर घाट लागायच्या आत ओळ संपवून सुया पिशवीत घालाव्यात. तिथल्या वळणावर गळालेला टाका मोताळा येईस्तोवर चार ओळी खाली उतरलेला असतो. रात्रीच्या मालिकेसाठी दोन सुलट, दोन उलटची बॉर्डर. सासू सुनेला घराबाहेर काढते त्या प्रसंगी ती हमखास चार सुलट होते, पण त्याला इलाज नाही.

घाटाखालच्या मैत्रिणींची अडचण निराळी. मलकापूर-नांदुऱ्याला उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. लोकरीचा गुंडा नुसता मांडीवर घेतला तरी घाम फुटतो. म्हणून त्या बिनबाह्यांचं विणतात आणि त्याला फॅशन म्हणतात. आम्हा घाटावरच्यांना पूर्ण बाह्या हव्या. यावरून भिशीत जो वाद होतो तो जिल्ह्यातल्या इतर वादांसारखाच शेवटी एका मुद्द्यावर येतो: लोकर घाटावर जास्त गेली की घाटाखाली?

आता आमच्या पथदर्शी प्रकल्पाकडे वळू. नणंदेच्या मुलाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा, निळा स्वेटर. तो अंगणवाडीत जात होता तेव्हा टाके घातले. मूळ अंदाजपत्रक 200 ग्रॅम लोकर. शुभारंभ झोकात झाला. चहा झाला, चिवडा झाला, सगळ्यांनी लोकर गालाला लावून बघितली, रंग काय सुरेख म्हणाल्या, कुणी फोटो काढला. पाठ झपाट्यानं उतरली.

मग मावसबहिणीला दिवस गेले आणि माझ्या 10 नंबरच्या सुया बाळंतविड्यासाठी अधिग्रहित झाल्या. निळे टाके एका जाड सुती दोऱ्यात ओवून, दोन्ही टोकांना गाठी मारून त्यांचं पुनर्वसन केलं. तात्पुरतं. बाळंतविड्याला तरी तारीख पक्की असते, असं आपलं वाटतं. झबलं बारशाला पोचलं, टोपडं उष्टावणाला, आणि पायमोजे मिळाले तेव्हा बाळ अनवाणी अंगणात पळत होतं.

निळ्याकडे परत आले तेव्हा लोकर संपलेली. दुकानदार म्हणाला, तो लॉट बंद झाला. नवा निळा आणला, तो जुन्याशेजारी ठेवल्यावर जांभळ्याच्या वळणावर गेला. तांत्रिक कारणास्तव आराखड्यात बदल करून छातीवर पट्टा घ्यायचं ठरलं. काम रखडलं म्हणून पुढची बाजू एका मैत्रिणीकडे सोपवली. तिचा हात घट्ट, माझा सैल. टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच, आणि पाठ-पोट समोरासमोर धरलं तर पोट दोन बोटं आखूड. ठेकेदार बदलला की असं होतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि पुन्हा चहा झाला.

तोवर भाच्याच्या ओठावर मिसरूड आली. अंदाजपत्रक 500 ग्रॅमवर गेलं. सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे सरकारी भाषेत सुप्रमा, भिशीनं आवाजी मतदानानं दिली. तेवढ्यात संग्रामपूरकडची मैत्रीण पिशवीत डोकावून म्हणाली, "वैनी, पोट्टं दहावीले आलं अन् तुमचं सोटर अजून आंगनवाडीतच हाय काय वं?"

तिला म्हटलं, बाई, सुप्रमेचे धडे आम्ही जिगावकडून घेतले. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवरचा जिगाव प्रकल्प नव्वदच्या दशकात साधारण 394 कोटींचा होता. सुप्रमा घेत घेत तो 2009 मध्ये 4 हजार कोटींच्या वर गेला आणि पुढे 13 हजार कोटींच्याही पलीकडे. अंगणवाडीपासून दहावीपर्यंत माझी लोकर अडीच पटच झाली. या हिशेबानं मला काटकसरीचा पुरस्कार मिळायला हवा.

रेल्वेचंही तेच. अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. इंग्रजांनी 1870 मध्ये जलंब ते खामगाव फाटा टाकला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले. साहेबाला कापूस हवा होता, म्हणून तेरा-चौदा किलोमीटरचं काम पुरं झालं. तिथून पुढे जालन्यापर्यंत रूळ न्यावेत ही मागणी शंभराहून अधिक वर्षांची. तेव्हापासून या मार्गाची मापं घेणं चालू आहे. सर्वेक्षण होतं, अहवाल जातो, खर्चाचा आकडा वाढतो, की पुन्हा सर्वेक्षण. विणणारी कुठलीही बाई सांगेल, पुन्हा पुन्हा माप घेणं हा विणणं लांबवण्याचा सगळ्यात सभ्य मार्ग आहे. पोराला उभं करायचं, खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावायची, "अगं बाई, वाढला की गं!" म्हणायचं आणि टेप गुंडाळून ठेवायची. त्यालाही वाटतं, काम चालू आहे.

पुरी होणारी कामं आमच्याकडे नाहीतच असं नाही. समृद्धी महामार्ग झाला. मेहकर, सिंदखेडराजावरून गाड्या सुसाट जातात. तो आधी नागपूर ते शिर्डी खुला केला, डिसेंबर 2022 मध्ये, आणि उरलेला टप्प्याटप्प्यानं. ही पद्धत आमच्या भिशीला फार आवडली. मागच्या हिवाळ्यात एका मैत्रिणीनं नवऱ्याला एकाच बाहीचा स्वेटर घालून फिरायला पाठवलं. विचारणाऱ्याला तो सांगे, "दुसऱ्या टप्प्याचं काम प्रगतिपथावर आहे."

गोम अशी आहे की आरंभाला मान आहे, शेवटाला नाही. टाके घालताना चार जणी जमतात. शेवटी मुंडे जोडायचे, गळपट्टी उचलायची, आणि उलट्या बाजूनं लोंबणारी दोऱ्यांची टोकं एकेक करून सुईनं आत ओवायची, हे काम दिव्याखाली मान मोडून एकटीनं करायचं असतं. त्याचा फोटो कोणी काढत नाही. नारळ फुटतो तो भूमिपूजनाला आणि नंतर लोकार्पणाला. मधल्या काळात ओवायची टोकं कोणाच्या खात्यात येतात, हे विचारलं की खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. भेंडवळच्या घटमांडणीत पाऊस, पीक आणि राजाची गादी इतकं सगळं सांगतात. प्रकल्प कधी पुरा होणार, हे विचारायची हिंमत तिथेही कोणी करीत नाही.

आमच्या आज्या मात्र विणायच्या आणि संपवायच्या. 1962 मध्ये चीनशी लढाई झाली तेव्हा देशभर घराघरांतून, शाळांतून बायकामुलींनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणले. तेव्हा कुणाला सुप्रमा लागली नाही. सीमेवर बर्फ पडत होतं आणि ज्याच्यासाठी विणायचं तो कुडकुडतोय, हे चित्र प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे होतं. डोळ्यांपुढे माणूस असला की नक्षी साधी निघते आणि काम पुरं होतं.

हे ध्यानात आल्यावर भिशीनं ठराव केला: ज्याचा स्वेटर रखडला, त्याला दर भिशीला समोर आणून बसवायचं. पहिला मान भाच्याला. बिचारा मोबाइलमध्ये डोकं घालून मधोमध बसला. दर चार ओळींनी त्याला उभं करून पाठ त्याच्या पाठीला लावून बघितली जाई, आणि तो लाजेनं लाल होई. एकीनं डावी बाही घेतली, दुसरीनं उजवी. संग्रामपूरवालीनं गळा उचलला. ज्या मैत्रिणीचा हात घट्ट, तिनं आपलं दोन बोटं आखूड पोट गुपचूप उसवून पुन्हा विणलं. तोवर माझी साधी वीण एका इंचानंही पुढे गेली नाही, कारण मी टोकं ओवत होते. संक्रांतीच्या आत स्वेटर अंगात. भाच्यानं आरशात बघितलं आणि म्हणाला, "मामी, याला टोपी नाही का? आता सगळे हुडीच घालतात." हुडीचा प्रस्ताव छाननीसाठी ठेवला आहे.

लोकरीचं एक बरं असतं. चुकलं तर उसवता येतं, गुंडा करून पुन्हा वापरता येतो, भाच्याला नाही तर त्याच्या धाकट्या भावाला होतो. जिगावच्या बुडीत क्षेत्रातल्या माणसाला हे जमत नाही. आज ना उद्या उठायचंच म्हणून जुन्या भिंतीला गिलावा करायचा नाही, आणि उठायचं कधी ते सांगणारं कोणी नाही, असा त्याचा संसार. तिकडे संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी पिऊन मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं गोड्या पाण्याची वाट बघतात. त्यांची मुलं दहावी होऊन, लग्नं होऊन, त्यांच्या मुलांची बारशीही उरकली.

तेव्हा भिशीतर्फे शासनाला एक नम्र सूचना. जिगावची पुढची आढावा बैठक मुंबईत किंवा नागपुरात न घेता खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या गावात, त्या माणसांना समोर बसवून घ्यावी. सतरंज्या आम्ही देऊ, चिवडाही देऊ. मंत्री आणि सचिवांना चहा मात्र तिथल्याच विहिरीच्या पाण्याचा द्यावा, आणि बैठक संपेपर्यंत दुसरं पाणी मागवू नये.