पाऊस नवा, सबब जुनी

पूर येतो, दरड कोसळते, माणसं जातात. दुसऱ्या दिवशी पाहणी दौरा निघतो आणि तिसऱ्या दिवशी कारण जाहीर होतं. पूर्वी ते 'निसर्गाचा कोप' असायचं, आता 'हवामान बदल' असतं.

कारण बदललं. जबाबदारी तेव्हाही कुणी घेतली नव्हती, आजही घेत नाही.

हवामान बदललंय, याबद्दल वाद नकोच. हवा एका अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं. अरबी समुद्र तापलाय, तो हे बाष्प पुरवतो. मग आठवड्याचा पाऊस एका रात्रीत कोसळतो. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. बीड जिल्ह्यात अख्ख्या पावसाळ्याची सरासरी जेमतेम तेवढी आहे.

हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं, तेही घरातूनच. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अभ्यास मांडला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असा त्याचा निष्कर्ष. पुण्याहून मंत्रालय किती लांब आहे?

ही उष्णता आली कुठून, हेही माहीत आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेतल्या दहा लाख कणांत कार्बन डायऑक्साइडचे २८० होते, आज ४२० च्या वर आहेत. यात सर्वांत मोठा वाटा अमेरिका आणि युरोपचा. भारतातला माणूस आजही जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी कार्बन सोडतो. श्रीमंत देशांकडून भरपाई मागायलाच हवी.

पण घरातला हिशेब कोण मांडणार?

चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचं. कोळसा तिथला, धूर तिथला, मे महिन्यातला ४५ अंशांचा पाराही तिथलाच. वीज मात्र राज्यभर जाते. एसीचा गारवा एकाला आणि झळा दुसऱ्याला, ही वाटणी कुठल्या न्यायाने?

इर्शाळवाडीचं तर बोलायलाच नको. खालापूर तालुक्यातली ठाकर आदिवासींची वाडी, इर्शाळगडाच्या कुशीत. वाडीला रस्ता नव्हता, तिथे गाडी जात नव्हती. या माणसांनी हवेत किती धूर सोडला असेल? १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर त्यांच्यावरच आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. यंत्रं वर चढवता आली नाहीत म्हणून जवानांनी कुदळ-फावड्यांनी माती उपसली.

आणि दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं. हे सरकारनेच सांगितलं.

डोंगराने यादी वाचलेली नसते.

त्याआधी, ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं. दीडशेवर माणसं गाडली गेली. बातमी बाहेर कशी आली? सकाळची एसटी गावाशी पोचली आणि चालकाला गाव दिसलंच नाही. त्याने खबर दिली तेव्हा प्रशासनाला कळलं. अख्खं गाव जातं आणि ते कळवणारी सरकारी यंत्रणा म्हणजे एसटीचा एक चालक!

मग २०२१ मध्ये महाडचं तळीये. ऐंशीहून जास्त बळी. माळीणनंतर अहवाल झाले, तळीयेनंतर झाले, इर्शाळवाडीनंतरही झाले. अहवालाने दरड थांबली असती तर सह्याद्री आज देशातली सर्वांत सुरक्षित जागा असती.

सह्याद्रीचा खरा अहवाल २०११ सालीच आला होता. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटात कुठे खोदू नये, कुठे बांधू नये, हे पट्टे आखून दाखवलं. सगळ्या राज्यांना तो कडक वाटला. मग कस्तुरीरंगन समितीचा सौम्य अहवाल आला, तोही नको झाला. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४ चा. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ ला, केरळमधल्या वायनाडमध्ये डोंगर कोसळला त्याच्या दुसऱ्या दिवशी.

दहा वर्षांत सहा मसुदे. मधल्या काळात किती डोंगर पोखरले गेले?

दरडीखालच्या घरांना दर पावसाळ्यात स्थलांतराची नोटीस मिळते. पाऊस आणि डोंगर ऐन लावणीच्या दिवसांत खवळतात. गोठ्यात गुरं, शेतात चिखलणी, घरात म्हातारी माणसं. त्यांनी जायचं कुठे? शाळेच्या एका खोलीत, जिथे गुरं नेता येत नाहीत आणि संडास एकच? नोटिशीने माणूस हलत नाही. सोय केली की हलतो.

नदीकाठी वेगळी गोष्ट नाही. सांगली-कोल्हापूर २००५ ला बुडालं, २०१९ ला बुडालं, २०२१ ला बुडालं. प्रत्येक वेळी बोट अलमट्टी धरणाकडे. २०१९ च्या महापुरानंतर वडनेरे समितीने अभ्यास केला. तिने बोट वळवलं अतिवृष्टीकडे आणि नदीच्या पात्रातल्या, पूरपट्ट्यातल्या आपल्याच बांधकामांकडे. अलमट्टी कर्नाटकात आहे. पूरपट्ट्यातल्या बांधकाम परवान्यांवर सही कुठे झाली?

निळी पूररेषा, लाल पूररेषा नकाशावर ठळक असतात. निळीच्या आत बांधायचं नाही, लालच्या आत जपून बांधायचं, इतकं ते सोपं. पण जमिनीचा भाव वाढला की रेषाच सरकवण्याची मागणी होते. रेषा सरकते. पाणी सरकत नाही.

२०१९ च्या त्या महापुरात, ऑगस्टमध्ये, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली. वेढलेल्या गावातून जीव वाचवायला निघालेली माणसं पाण्यातच गेली. त्यात बाया होत्या, पोरं होती. कृष्णेला पूर येणार हे हवामान खात्यालाही ठाऊक होतं आणि धरणाच्या दारावरच्या माणसालाही. पुरेशा बोटी गावात आधीच का नव्हत्या?

मराठवाड्याकडे बघा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मिरजेहून रेल्वेने कृष्णेचं पाणी न्यावं लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात आणि शेजारच्या सोलापुरात गावंच्या गावं पाण्याखाली. सीनाकाठच्या शेतांत सोयाबीन कुजलं, गुरं दावणीला बुडाली, जमिनी खरवडून गेल्या. कोरडा आणि ओला, दोन्ही दुष्काळ त्याच शेतकऱ्याच्या नशिबी आले.

सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मदत हवीच, वेळेत हवी. पण एक-दोन इंच सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. ती एका रात्रीत वाहून गेली, तिचा पंचनामा कुठल्या रकान्यात करणार?

कोकणाने हा रकान्यांचा खेळ आधीच पाहिलाय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. इशारा वेळेत मिळाला होता, माणसं हलवली होती, म्हणून बहुतेक वाचली. बागा आडव्या झाल्या. कोकणी माणसाची बाग गुंठ्यांत असते आणि भरपाई हेक्टरवर! ओरड झाली तेव्हा झाडावर हिशेब आला. नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. सुपारीचं झाड लावल्यापासून पीक यायला पाच-सात वर्षं जातात. पन्नास रुपयांत ती वर्षं कशी काढायची?

शहरवाल्यांनी हे वाचून हळहळू नये, आरशात बघावं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली आणि मिठी ही नदी आहे, याची शहराला आठवण झाली. वीस वर्षांनी, २६ मे २०२५ ला, मान्सून विक्रमी लवकर आला. वरळीचं आचार्य अत्रे चौक भुयारी मेट्रो स्टेशन सुरू होऊन पंधरा-सोळा दिवस झाले होते. त्यात पाणी शिरलं. पाऊस लवकर आला, हे खरं. मुंबईत पाऊस पडतो, हे कुणाला नवीन होतं?

उन्हाचा बळी तर दिसतही नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्याला लाखोंचा समुदाय भर उन्हात बसला होता. चौदा जण उष्माघाताने गेले. तो सरकारी कार्यक्रम होता, म्हणून निदान बातमी झाली. रस्त्यावर डांबर ओतणारा, वीटभट्टीवर राबणारा, ऊसतोडीला गेलेला मजूर उन्हाने कोसळला तर नोंद होते 'हृदयविकार'.

अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यात हजारावर माणसं गमावली आणि २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. आदल्या दिवशी इशारा, दवाखान्यांत तयारी, पाण्याची सोय, बागा उघड्या ठेवणं. याला अब्जावधी लागत नाहीत. दुपारी बारा ते चार काम बंद ठेवण्याचा आदेश काढायला तर एक कागद पुरतो.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या संकटापुढे राज्य काय करणार? ओडिशाला विचारा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते. बळी पन्नासच्या आसपास. मधल्या चौदा वर्षांत समुद्र शांत झाला नव्हता. निवारे बांधले होते, गावागावांत माणसं तयार केली होती, दारावर थाप मारणारा कोण हे ठरलेलं होतं.

आपल्याकडे रेड अलर्ट जिल्ह्याला मिळतो. रात्री अकराला वाडीतल्या शेवटच्या घराची कडी कोण वाजवणार, हे कुठल्या आदेशात लिहिलंय?

विचारल्याशिवाय काही होत नाही, हे चिपळूणने दाखवलं. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठी नदीने शहर बुडवलं. लोक मदतीची पाकिटं घेऊन गप्प बसले नाहीत. चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं, तेव्हा कुठे नदीतला गाळ उपसायला वेग आला. गाळ बरीच वर्षं साचत होता. यंत्रणा हलली ती लोक रस्त्यावर बसल्यावर.

म्हणून १ मेच्या ग्रामसभेला जा. शहरात असाल तर वॉर्ड ऑफिस गाठा. चार प्रश्न विचारा. दरडप्रवण यादीत आपलं गाव, आपली वाडी आहे का आणि नसेल तर पाहणी कुणी, कधी केली? पूररेषेच्या आत गेल्या पाच वर्षांत कुणाला परवाने दिले? रात्री इशारा आला तर माणसं आणि गुरं न्यायची कुठे? आणि थाप मारायला कोण येणार, त्याचं नाव आणि नंबर काय? उत्तरं लेखी घ्या, इतिवृत्तात नोंदवून घ्या.

पावसाळा यंदाही येणार आहे. हे प्रश्न त्याच्या आधी विचारा. नंतर विचारले तर उत्तर म्हणून फक्त चार लाखांचा धनादेश येतो.