कुकडी प्रकल्प, ८ जीबीत

नेटवर्किंग शिकायचं तर खरे राऊटर विकत घ्यावेत, असं सांगणाऱ्या माणसाचं एकतर पुण्यात दुकान असतं, नाहीतर त्याच्या घरचं वीजबिल दुसरं कुणीतरी भरत असतं. जुन्नर-आंबेगावच्या होतकरू मुलामुलींनी त्याच्या नादी लागू नये. २००५च्या सुमारास ख्रिस्तोफ फियो या फ्रान्समधल्या गृहस्थाने डायनामिप्स लिहिलं आणि सिस्कोचा भलामोठा ७२०० राऊटर साध्या पीसीत घालून दाखवला. त्याच्यावर जेरेमी ग्रॉसमनने २००८मध्ये जीएनएस-३चा सांगाडा चढवला. ते फुकट आहे. पॅकेट ट्रेसरही फुकट मिळतो, पण तो राऊटरची नक्कल करतो. जीएनएस-३मध्ये राऊटरचं खरं सॉफ्टवेअर चालतं, खोटं असतं ते फक्त त्याच्या खालचं लोखंड. त्यामुळे त्यात होणाऱ्या चुका अस्सल असतात, आणि आपण त्यासाठीच तर बसणार आहोत.

पायरी पहिली: घरात काय सांगायचं

‘लॅब टाकतोय’ असं सांगू नका. लॅब म्हटल्यावर घरच्यांना रक्त-लघवीच आठवते, आणि संध्याकाळपर्यंत भावकीत तुमच्या शुगरची चर्चा सुरू होते. ‘व्हर्च्युअल’ हा शब्दही टाळा. अण्णा शांतपणे विचारतील, “म्हणजे ते नाहीच ना?” आणि तांत्रिकदृष्ट्या अण्णांचं बरोबर असेल.

मुहूर्त महत्त्वाचा. टोमॅटोचा तोडा चालू असताना लॅपटॉप उघडून बसणाऱ्याला पहिला क्रेट उचलावा लागतो, हा नियम आहे. त्यातून नारायणगावच्या बाजारात २०२३च्या जुलैसारखा भाव असला, तर नेटवर्किंग शिकायचंच कशाला, असा प्रश्न निघतो. त्याला या मार्गदर्शकात उत्तर नाही.

पायरी दुसरी: यंत्र

आयटीत असलेल्या चुलतभावाने टाकून दिलेला लॅपटॉप चालेल. दुकानात गेलात तर दुकानदार प्रोसेसरची पिढी सांगत बसेल, तुम्ही रॅम विचारा. ८ जीबीत भागतं, १६ असेल तर झोप लागते. बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय चालू करा. तो बहुतेक बंदच असतो. का, ते कुणी सांगत नाही.

पहिला राऊटर चालू केला की पंखा मळणीयंत्राचा आवाज काढील. घाबरू नका. जुन्या सिस्को राऊटरला काम नसलं की तो एका जागी गोल गोल फिरत वाट पाहतो, आणि हा रिकामा फिरतोय हे एम्युलेटरला कळत नाही. म्हणजे रिकामा बसलेला राऊटरही पूर्ण ताकदीने रिकामा बसतो आणि प्रोसेसरचा एक कोअर शंभर टक्के खातो. ‘आयडल-पीसी’ नावाचा एक आकडा शोधून द्यावा लागतो, मग तो शांत होतो. घरातल्या काही माणसांसाठीही असा आकडा असता तर बरं झालं असतं.

विजेचं म्हणाल तर इन्व्हर्टर हवाच. शेतीची थ्री-फेज रात्रपाळीला असते त्या आठवड्यात आणखी एक अडचण येते. रात्री अडीचला घरात जागं कोण असतं? तुम्ही. मग मोटार चालू करायला कोण जाणार हे वेगळं ठरवावं लागत नाही. बॅटरी घ्या, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावा, उसाच्या कडेने जाऊ नका. बिबट्याच्या तालुक्यात ही सूचना विनोदासाठी दिलेली नाही.

पायरी तिसरी: राऊटरची फाइल

जीएनएस-३ म्हणजे रिकामी पेटी. राऊटरचं सॉफ्टवेअर आपलं आपण आणायचं. सिस्कोच्या फाइलला परवाना लागतो. मित्राच्या पेनड्राइव्हवर असलेल्या फाइलला परवाना नसतो, आणि कधीकधी तिच्यात राऊटरही नसतो, भलतंच काही असतं. त्यापेक्षा एफआरआर घ्या, व्हीवायओएस घ्या किंवा मायक्रोटिकचा सीएचआर घ्या. सीएचआरच्या फुकट परवान्यात प्रत्येक पोर्टाला १ एमबीपीएसची मर्यादा आहे. शहरातली मुलं यावर कुरकुर करतात, आपल्याकडच्या मुलांना हा वेग घरचा वाटतो. शिवाय गावात फायबर टाकणारे कितीतरी केबलवाले मायक्रोटिकवरच चालतात, तेव्हा पहिली नोकरी मिळण्याची शक्यता तिथेच जास्त.

सिस्कोला कायदेशीरपणे हात लावायचा असेल तर त्यांच्या सीएमएल या लॅब-सॉफ्टवेअरची एक फुकट आवृत्ती आहे. तिच्यात पाच नोड मिळतात. कुकडी प्रकल्पातही धरणं पाचच: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पाचही राऊटर बसले की कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या करमाळ्याला नोड उरत नाही. करमाळ्याला हे नवीन नाही.

पायरी चौथी: धरणं जोडणे

नवशिक्यांच्या पुस्तकांत राऊटरची नावं आर-१, आर-२, आर-३ अशी असतात. त्यातलं कोण कुठे आहे हे तासाभराने लेखकालाही आठवत नसेल. तुम्ही धरणांची नावं द्या, म्हणजे नकाशा वेगळा पाठ करावा लागणार नाही. होस्टनेम रोमन अक्षरांतच चालतं, म्हणून ‘वडज’चं स्पेलिंग आधी घरात एकमताने ठरवा, नाहीतर आठवड्याने लॅबमध्ये दोन वडज निघतील आणि दोन्ही एकमेकांना ओळखणार नाहीत.

डिंभेला मात्र ‘आंबेगाव’ नाव देऊ नका. मूळ आंबेगाव डिंभ्याच्या जलाशयात गेलं. तालुक्याला नाव त्याचं राहिलं, कचेरी घोडेगावला आणि बाजाराची गर्दी मंचरला. पुढे डीएनएस शिकाल तेव्हा नाव एका ठिकाणचं आणि उत्तर दुसऱ्याच ठिकाणचं, हा प्रकार समजावायला तालुक्याबाहेर जावं लागणार नाही.

आता जोडणी. येडगाव मध्यभागी ठेवा. माणिकडोहचं पाणी नदीने खाली येडगावला येतं, डिंभ्याचं डाव्या कालव्याने येतं. लॅबपुरते वडज आणि पिंपळगाव जोगेही येडगावलाच जोडा. पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यांनी इकडे लक्ष देऊ नये. येडगावातून कुकडीचा डावा कालवा निघतो आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातो, जवळजवळ अडीचशे किलोमीटर. त्यासाठी जीएनएस-३मध्ये आणखी चार राऊटर एका ओळीत लावा. प्रत्येकाला एक लूपबॅक पत्ता द्या: येडगाव १०.०.०.१, माणिकडोह १०.०.०.२, असं पुढे.

तारांच्या दोन्ही टोकांच्या पोर्टांनाही पत्ते द्या आणि डिंभ्यावरून येडगावच्या त्याच तारेवरच्या पोर्टाला पिंग करा; लूपबॅकचा रस्ता अजून कुणाला माहीत नाही. सिस्को असेल तर पडद्यावर आधी एक टिंब उमटेल, मग चार उद्गारचिन्हं. ऐंशी टक्के. इथे निम्मे नवशिके सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करतात. करू नका. पहिलं पाकीट निघालं तेव्हा शेजाऱ्याचा हार्डवेअर पत्ता माहीत नव्हता, तो विचारण्यात ते पाकीट गेलं, एवढंच. पुन्हा पिंग केलंत की पाचच्या पाच येतील.

मग ओएसपीएफ, म्हणजे राऊटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत, चालू करा. राऊटर दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला ‘हॅलो’ म्हणतो, आणि ४० सेकंदांत शेजाऱ्याकडून काही आलं नाही तर तो गेला असं धरून चालतो. तालुक्यात इतक्या उतावीळपणे कुणी कुणाला गेलेला धरत नाही, पण मशिनला भावकी नसते. एक मुद्दाम बिघाड करून बघा: डिंभ्याच्या पोर्टाचा एमटीयू १४०० करा, येडगावचा १५०० राहू द्या. दोघं एकमेकांना हॅलो म्हणत राहतील, दोघांनाही दुसरा दिसेल, पण वह्यांची देवाणघेवाण होणार नाही. पडद्यावर ‘एक्सस्टार्ट’ हा शब्द अडकून बसतो. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो.

इथवर सगळं चाललं की मुलं स्क्रीनशॉट काढतात आणि थांबतात. माझ्या मते लॅब इथून पुढे सुरू होते. लॅबमधल्या तारेला लांबी नसते, तिच्यावर जेसीबी चालत नाही, तिच्यात पाऊस शिरत नाही. असलं नेटवर्क कुठल्याच तालुक्यात नाही. जीएनएस-३मध्ये तारेवर राइट-क्लिक केलं की पॅकेट फिल्टर मिळतात. तिथे दहा टक्के पाकिटं गहाळ करा, थोडा उशीर घाला. या सेटिंगला आम्ही ‘आषाढ’ म्हणतो. उशीर किती घालायचा, याचाही हिशेब करून बघा. अडीचशे किलोमीटर फायबरमधून प्रकाश साधारण सव्वा मिलिसेकंदात जातो. कालव्याच्या पाण्याला तेवढ्याच अंतराला दिवस लागतात, आणि मध्ये कुणी दरवाजा उघडला नाही तरच.

आता येडगावच्या बाहेरच्या पोर्टाचा वेग कमी करा आणि वरच्या चारही धरणांवरून एकदम भरपूर माहिती सोडा. रांग भरते. रांग भरली की नंतर आलेलं पाकीट टाकून द्यायचं, हा राऊटरचा मूळ स्वभाव. पारनेरला पुरेसं पोचतं, श्रीगोंद्याला बरं, कर्जतला कमी, करमाळ्याला आश्वासन, अशी वाटणी मात्र राऊटर आपणहून करत नाही. ती हवी असेल तर प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी बसून नियम लिहावे लागतात. लिहून बघा. क्यूओएस नावाचा कंटाळवाणा धडा या एका प्रयोगात कळतो: वाटप शेवटी येडगावचा पासवर्ड ज्याच्या हातात असतो त्याच्या मनावर चालतं.

शेवटी बोगदा. डिंभे आणि माणिकडोह यांच्यात थेट तार ओढा. लॅबमध्ये दोन क्लिकचं काम. बाहेर याच बोगद्याच्या प्रस्तावावरून आंबेगावात विरोध आहे, कारण डिंभे रिकामं होईल ही भीती, आणि टेलच्या तालुक्यांना तो हवा आहे. ओएसपीएफकडे यावर तोडगा आहे: त्या तारेची ‘कॉस्ट’ एवढी जास्त ठेवायची की बाकी सगळे रस्ते बंद पडल्यावरच ती वापरली जावी. कॉस्ट किती, याचा आकडा ठरवायला दोन्ही तालुक्यांतले मित्र लॅपटॉपभोवती बसवू नका.

पायरी सहावी: पुढे गेलेल्यांसाठी

पाचवी पायरी नाही. शोधत बसू नका, कारण ही इथली रीत आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर. प्रत्येक हात सुमारे १४ किलोमीटरचा. मधल्या तबकड्यांची नावं सी-०० ते सी-१४, पण त्यात सी-०७ नाही. दक्षिणेच्या हातावर एस-०५ नाही, पूर्वेचा हात तर ई-०२पासूनच सुरू होतो. म्हणून कुणाचं काही अडलं नाही. नाव देताना क्रमांक गळला तर गळू द्या. नंतर भरायला गेलात तर सगळ्या कॉन्फिगरेशन बदलाव्या लागतील.

प्रत्यक्षात तिथल्या तबकड्या ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीला जोडलेल्या आहेत. तसंच्या तसं उभं केलंत तर सगळे रस्ते एकाच दारात येतात आणि राऊटिंग काही शिकायला मिळत नाही. म्हणून लॅबमध्ये थोडा खोटेपणा करा: मधला भाग ओएसपीएफचा एरिया ०, तीन हात म्हणजे एरिया १, २ आणि ३. एवढे नोड ईव्ही-एनजी या जीएनएस-३सारख्याच सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत मावतात, तिची मर्यादा एका लॅबला ६३ आहे. तुमच्या रॅममध्ये मावतील का, हा वेगळा विषय. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला गर्दी होते, तेव्हा खऱ्या तबकड्या बघून या. आपला लॅपटॉप तिथे कुणाला दाखवू नका.

पायरी सातवी: लॅब घराला जोडणे

जीएनएस-३मध्ये ‘क्लाउड’ नावाचा नोड आहे. त्याने लॅब घरच्या खऱ्या नेटवर्कला जोडता येते. जोडण्याआधी येडगाव राऊटरवरचा डीएचसीपी सर्व्हर बंद केलाय ना, हे दोनदा बघा. तो चालू राहिला तर घरातला टीव्ही पत्ता मागेल, वायफायच्या डब्याआधी येडगाव उत्तर देईल, आणि टीव्ही मुकाट्याने कुकडी प्रकल्पात सामील होईल. तिथून बाहेर इंटरनेटला जायला रस्ता नाही. हे साधारण रात्री आठच्या मालिकेत होतं. अशा वेळी क्लाउडची तार तोडा, टीव्ही बंद करून चालू करा, आणि मालिकेत मधे काय झालं ते शेजारच्या काकूंना विचारून ठेवा, कारण आई आधी तेच विचारणार आहे.