होल्डवाले काका

दिल्लीतल्या मराठी माणसाचा संसार बहुधा करोलबागेतल्या भाड्याच्या खोलीत सुरू होतो, रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढतो आणि निवृत्तीनंतर द्वारका नाहीतर पटपडगंजच्या एखाद्या सोसायटीत स्थिरावतो. या शेवटच्या मुक्कामी, नव्वदचं दशक सरताना आणि पुढची काही वर्षं, काकांची एक जात आढळायची. घरात माणसं दोन, पण फोन एमटीएनएलचा आयएसडीएन, म्हणजे एकाच तारेवर दोन लाइनी देणारा. आणि कॉल वेटिंग, होल्ड, फॉरवर्डिंग, तिघांची कॉन्फरन्स अशी पत्रकातली प्रत्येक सुविधा रीतसर अर्ज करून घेतलेली. लोक त्यांना हौशी म्हणत. मला हे निदान पटत नाही. हौशी माणूस यंत्र उघडून बसतो; काकांनी ही लाइन जिथे घरात येते त्या भिंतीवरच्या एनटी-वन डब्याला फडक्याखेरीज कशानेही स्पर्श केलेला नसे. त्यांना यंत्राचं प्रेम नव्हतंच. त्यांना गेलेलं ऑफिस परत हवं होतं.

मंत्रालयांच्या दिल्लीत माणसाचा हुद्दा दारावरच्या पाटीपेक्षा फोनवर आधी कळतो. दोन साहेबांना बोलायचं तर अगोदर दोन पीए बोलतात, आणि ‘आधी तुमचे साहेब लाइनवर येऊ द्या’ यावरून जी घासाघीस होते तिच्यात थोरला-धाकटा ठरून जातो. जो थांबला तो धाकटा. टेबलावर आरएएक्सचा, म्हणजे वरिष्ठांच्या खास एक्स्चेंजचा फोन असेल तर विचारायलाच नको. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ हाती येतं आणि हे सगळं जातं. आता आयएसडीएनची घरगुती लाइन पाहा: बोलण्यासाठी 64 किलोबिटचे दोन बी चॅनेल आणि मुख्यतः निरोपांसाठी 16 किलोबिटचा एक डी चॅनेल. हा तिसरा स्वतः चकार शब्द बोलत नाही. दोन्ही लाइनी अडलेल्या असतानाही बाहेर कोण ताटकळलंय, कुठल्या नंबरवरून, ते फोनच्या पडद्यावर कळवतो. दोन साहेब आणि एक पीए, तोही रजा न मागणारा! काकांनी सुविधा वापरल्या कशा, तेही बघण्यासारखं आहे. होल्ड केलं की चॅनेल मोकळा होतो आणि दुसरा कॉल लावता येतो. सोय त्यासाठीच आहे. काका दुसरा कॉल लावत नसत. भाची लग्नाची तारीख सांगू लागली की ‘एक मिनिट हं, दुसऱ्या लाइनवर आहेत’ म्हणून होल्ड. कोण आहेत, ते कधीच सांगायचं नाही. एकाच लाइनवर अनेक नंबर घेता येतात म्हणून एक नातेवाइकांसाठी, एक सोसायटीसाठी आणि एक ‘महत्त्वाच्या कामासाठी’. तो तिसरा वाजत नसे, पण वाजलाच तर त्याची घंटी वेगळी असावी अशी तजवीज होती. उन्हाळ्यात वीज गेली की डबाही बंद पडायचा, म्हणून इन्व्हर्टरवर पहिला मान डब्याला, दुसरा पंख्याला. फ्रिजचं नाव काढणं काकूंनी सोडून दिलं होतं.

कुणी म्हणेल, ही लाइन इंटरनेटसाठी घेतली असेल. दोन्ही चॅनेल जोडले की 128 किलोबिट वेग मिळतो. खरं आहे. पण मग फोनला चॅनेल उरत नाही, आणि काका तो धोका पत्करणारे नव्हते. मुलगी न्यूजर्सीला, मुलगा पुण्याला, तेव्हा तिघांची कॉन्फरन्स उपयोगाचीच, हा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि मी तो निम्मा मान्य करतो. निम्माच, कारण त्या कॉन्फरन्समध्ये काका आधी विषय वाचून दाखवत. आणखी एक तर्क असा की, ज्या पिढीने साध्या फोनसाठी वर्षानुवर्षं प्रतीक्षायादीत काढली, ती आता इतरांना थांबवून उट्टं काढत होती. पण उट्टं काढायचं तर टेलिफोन खात्यावर. साडूला होल्डवर ठेवून खात्याचं काय बिघडतं? उलट खात्यावर काकांची श्रद्धाच होती. सगळ्या सुविधांत त्यांचा जीव अडकला होता तो आपला नंबर समोरच्याला न दिसू देण्याच्या सुविधेत. ती आपल्याकडे मागेल त्याला मिळत नाही, मोजक्या महत्त्वाच्या व्यक्तींसाठी राखलेली असते, आणि नेमकं म्हणूनच काकांनी तिच्यासाठीही अर्ज केला. उत्तर येईना, तेव्हा स्मरणपत्र गेलं. त्याच्या तळाशी, प्रत माहितीसाठी व आवश्यक कार्यवाहीसाठी, तीन नावं.