म्हैस, घड्याळ आणि पौडचा स्टॉप

प्रेरणा म्हटलं की लोक आमच्या मुळशी धरणाकडे बोट दाखवतात. शनिवार-रविवारी पुण्याहून येणारी मंडळी पाणी, धुकं, डोंगर सगळं मोबाइलात भरतात, भजी खातात आणि संध्याकाळी चांदणी चौकाच्या गर्दीत शिरतात. आमची अडचण अशी, की हा डोंगर आम्हाला रोजच दिसतो. आणि श्रावणात तर चार-चार दिवस तोही दिसत नाही. मग उरतं काय? न वाळलेले कपडे, गेलेली वीज आणि रस्त्यात बसलेली म्हैस.

या म्हशीबद्दलचं माझं मत शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांनी बदललं. ते अलिबागजवळच्या सासवण्याचे. पोरवयात गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफील्ड नावाच्या कलेक्टरच्या नजरेस पडलं आणि या पोराची जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट मोकळी झाली. पुण्यातला 1928 सालचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांच्याच हातचा. एवढं करून हा माणूस घरी सिमेंटची म्हैस घडवतो! सिमेंट म्हणजे आम्ही गोठ्यात कोबा करायला आणतो तेच. त्यांच्या सासवण्याच्या घराचं आता संग्रहालय झालंय. तिथली म्हैस पाहिल्यापासून मला खऱ्या म्हशीचं खुब्याचं हाड, त्यापुढचा खळगा हे सगळं दिसायला लागलं. ताम्हिणीच्या रस्त्यावर मागून हॉर्न वाजवणाऱ्या एका गृहस्थांना मी म्हटलं, ‘‘अहो, जरा तिचा खांदा बघा.’’ त्यांनी काच वर केली.

करमरकरांच्या नात्यातलेच चित्रकार प्रभाकर बरवे, जन्म नागावचा, 1936 चा. त्यांनी घड्याळ, पान, टाचणी असल्या किरकोळ वस्तूंना कॅनव्हासवर ऐसपैस जागा दिली, आणि तीही एनॅमल रंगात. फाटक रंगवून उरलेला डबा आपण माळ्यावर टाकतो ना, त्या जातीच्या रंगात. बरव्यांच्या भरवशावर मी आमचं बंद पडलेलं घड्याळ भिंतीवर तसंच ठेवलं. बायको म्हणाली, ‘‘बरव्यांनी काढलं तर ते चित्र. तुम्ही टांगून ठेवलंत तर तो आळस.’’ समीक्षा म्हणून मला हे वाक्य अजून खोडता आलेलं नाही.

पौडच्या स्टॉपवर मात्र व्यंगचित्रकार शि. द. फडणीसच उपयोगी पडतात. गणिताच्या पाठ्यपुस्तकालासुद्धा हसायला लावणारा हा माणूस. ‘मोहिनी’ मासिकाच्या मुखपृष्ठावरची त्यांची ती जोडी आठवते? तिची साडी मांजरांच्या छापाची, त्याचा शर्ट उंदरांच्या छापाचा. आणि चित्रात शब्द एकही नाही. एसटीची वाट बघताना मी तेच करतो, माणसांचा आवाज मनातल्या मनात बंद करतो. परवा भातलावणीहून आलेल्या एक मावशी खताच्या गोणीची खोळ डोक्यावरून घेऊन उभ्या होत्या. शेजारी शहरातली एक मुलगी, गुडघ्यावर मुद्दाम फाडलेल्या जीन्समध्ये. मावशी गुडघ्याकडे बघत होत्या, मुलगी गोणीकडे. दोघींच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न: हिच्या घरी कपडे नाहीत का? एसटी आली नसती तर बरं झालं असतं. एसटीबद्दल अशी इच्छा धरणारा तालुक्यात मी एकटाच असेन.

‘प्रेरणा’ हा शब्द मला जरा जडच वाटतो. या मंडळींना पाहून मी कधी ब्रश हातात धरला नाही की छिन्नी. त्यांनी मला फक्त उशीर करायला लावला. दूध आणायला गेलेला माणूस पाऊण तासाने का येतो, हे घरी समजावताना चित्रकलेचा इतिहास कामी येत नाही, एवढीच तक्रार.

ताम्हिणी उतरून अलिबागकडे जाणार असाल तर वाट वाकडी करा, सासवण्याला थांबा, पोरांनाही न्या. आणि परतताना घाटात म्हैस आडवी आली तर हॉर्न वाजवू नका. ती तशीही उठत नाही.