निघण्याआधी पोचणारं विमान

चिलीतल्या सांतियागोपासून अर्जेंटिनातलं मेंदोसा किती लांब, हे विचारणाऱ्याने आधी आपलं वाहन सांगावं. पक्ष्याच्या हिशेबाने दोनशे किलोमीटरच्या आत. गाडीवाल्याच्या हिशेबाने साडेतीनशेच्या वर. घड्याळाचं म्हणणं याहून निराळं आहे, पण ते जरा सबुरीने ऐकावं.

विमानाला तासाभराहूनही कमी वेळ लागतो. दोन्ही शहरं समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आतच. अडचण मधल्या अँडीजची. वाटेत शेजारीच अकाँकाग्वा उभा, ६९६१ मीटर, आशियाबाहेरचं सर्वांत उंच शिखर. त्यामुळे विमान निघाल्यापासून चढतं आणि चढून होतं न होतं तोच उतरायला लागतं. डोंगरावरचा वारा त्यात आपला हातभार लावतो, म्हणून कमरेचे पट्टे बहुधा आवळलेलेच. मेंदोसाला जाताना अकाँकाग्वा डावीकडे दिसतो. उजवीकडचे प्रवासी मग परक्या खांद्यांवरून माना लांबवतात आणि ज्याच्या कानाचा फोटो निघतो तो बिचारा झोपलेला असतो.

बसचा प्रवास म्हणजे अस्सल द्राविडी प्राणायाम. सहा-आठ तास धरून चालावं, पुढचं कस्टमवाल्यांच्या मर्जीवर. चिलीच्या बाजूला लॉस काराकोलेसचा घाट. एकाच डोंगरउतारावर वळणांची चळत, आणि प्रत्येक वळणाला क्रमांक, म्हणजे पोटात ढवळायला नेमकं कितव्या वळणावर लागलं ते सांगता येतं. वर सुमारे ३२०० मीटरवर तीन किलोमीटरांहून लांब बोगदा. तो ओलांडला की देश बदलतो. हिवाळ्यात बर्फ पडलं की खिंड बंद, कधी कधी सलग काही दिवस.

चिलीकडे येताना खरी दहशत फळांची. फळमाशी देशात शिरू नये म्हणून चिलीचे अधिकारी सामान कसून तपासतात, हुंगायला कुत्रेही असतात. पिशवीच्या तळाशी विसरलेलं सफरचंद लपवलेल्या सोन्याइतकं महागात पडू शकतं. साहजिकच सीमा जवळ आली की अनेकांना एकाएकी फलाहाराची इच्छा होते.

१८१७ साली जनरल सान मार्तीनला हे अंतर सुमारे तीन आठवड्यांचं पडलं. स्पेनच्या ताब्यातून चिली सोडवायला तो मेंदोसाहून हजारो सैनिक आणि त्यांच्याहूनही जास्त खेचरं घेऊन निघाला. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून शिदोरीत कांदा-लसूण भरपूर. त्या फौजेची चाहूल शत्रूच्या आधी नाकाला लागली असेल. आजारी सेनापती स्वतः खेचरावर बसून पर्वत ओलांडत होता. पुतळ्यांत मात्र तो घोड्यावर असतो.

१९१० मध्ये आगगाडीही सुरू झाली. चढावर रुळांमधल्या दातेरी पट्टीला इंजिनाचं चाक अडकवून ती वर जायची. १९७९ मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या.

आता घड्याळ. हिवाळ्यात चिलीची वेळ अर्जेंटिनाच्या एक तास मागे असते. मेंदोसाहून बाराला उडालेलं, पंचावन्न मिनिटांचं विमान सांतियागोला अकरा पंचावन्नला टेकतं. घ्यायला येणाऱ्याने प्रवासी निघण्याआधीच विमानतळावर हजर असलेलं बरं. उलट दिशेने मात्र तीच पंचावन्न मिनिटं तिकिटावर जवळजवळ दोन तासांची दिसतात. सप्टेंबरात चिली आपली घड्याळं पुढे सरकवतं आणि ही सवलत एप्रिलपर्यंत बंद राहते.