चार पै दगड

रत्नागिरीकडे सड्यावर आमचा वीस गुंठे कातळ आहे. पावसाळ्यात त्यावर गवत उगवतं, भाऊबंदकी बारमाही. शेजारच्या जमिनीत चिरेखाण सुरू झाली, जांभ्याने भरलेले ट्रक खाली उतरताना अण्णाकाकांनी मोजले आणि रात्री मला फोन केला. "अरे, तोच दगड आपल्या पायाखाली आहे. पणजोबांचा! कागद काढ."

सातबारा मोबाइलवर निघाला. नमुना बारा पिकांचा, तिथे 'गवतपड'. खरं पीक नमुना सातमध्ये होतं : एकोणतीस नावं. माझं नव्हतंच. वडिलांचं होतं, पण आडनावातला एक काना गळालेला, त्यामुळे तेही परकेच वाटले.

मग फेरफार. एका फेरफारात आधीच्याचा नंबर, त्यात त्याच्या आधीचा. असा उतरत उतरत 1931 च्या खरेदीखतापर्यंत पोचलो. काकांनी आणे-पैंचा हिशेब मांडला. पणजोबा सोळा आणे. चार मुलगे, प्रत्येकी चार आणे. आजोबांची चार अपत्यं, एकेक आणा. आम्ही तीन भावंडं, म्हणजे माझे चार पै. सुमारे साडेचारशे चौरस फूट. डोंबिवलीतल्या एका वन-रूम-किचनएवढा दगड. खोली किती जाईल ते खणल्यावर कळणार. मी स्वप्नात खोलच गेलो.

तेवढ्यात काकांना माळ्यावर मोडी सनद सापडली. ती वाचून घ्यायला मोडी जाणणारे एक निवृत्त गुरुजी गाठले. भिंग सरकवत ते म्हणाले, "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप." काका खुर्चीतून उठलेच. "पाषाण! छत्रपतींच्या राज्यापासून आपला!" जुन्या इनामपत्रांत हा मजकूर ठरलेला असतो, असं गुरुजी सांगत होते. पण काकांचं लक्ष 'निधी'कडे गेलं होतं. हंडा सापडला तर वाटणी कशी, हे त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. आत्यांना वगळून.

दुसऱ्या पानावर चतुःसीमा निघाल्या. सनद नदीकाठच्या भातशेतीची होती. ती शेती 1957 च्या कृषकदिनी कुळांची झाली. कातळ इनामी नव्हताच, तो पणजोबांनी रोख मोजून घेतलेला.

मग वकिलांनी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 उघडून कलम 48 दाखवलं. सरकारी अनुदानात स्पष्ट लिहून दिलं नसेल तर जमीन कोणाचीही असो, खनिज राज्य शासनाचं. जांभा गौण खनिजात येतो. म्हणजे गवत आमचं, त्याखालचा दगड सरकारचा, आणि तो काढायचा तर परवाना घेऊन सरकारला जी रक्कम भरायची तिचं नाव 'स्वामित्वधन'. मराठी भाषेने इतका प्रामाणिकपणा क्वचितच दाखवला असेल. स्वामी कोण, ते पावतीवरच छापलेलं!

काका मात्र खचले नाहीत. "परवाना घेऊ की! शेजाऱ्याने घेतलाच ना?"

घेऊ. अर्जाला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती जोडायची आहे. एकोणतीसपैकी अकरा जण वारले आहेत आणि त्यांची वारसनोंद अजून व्हायची आहे.